गाठीचे नाव



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा एखाद्या संपाचा इतिहास असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘लालाग्रंथींची अर्बुदे’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हसून म्हणाले, “तुम्ही डॉक्टर कधी झालात?” झालो नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते मागाच्या शेडमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. परंतु कामगारांत पंचवीस-तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्या दुखण्याला नाव नाही, त्याची दाद कोठेही लागत नाही. कापसाच्या धुळीने छाती भरून येते हे विणकराच्या बायकोला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण त्या दुखण्याला ‘बिसिनोसिस’ हे नाव मिळाले आणि ते कायद्याच्या परिशिष्टात चढले, तेव्हाच भरपाईचा अर्ज लिहिता आला. नाव आधी, न्याय मागाहून. आज आपण ज्या गाठींचा इतिहास पाहणार आहोत, तो असाच नावांचा इतिहास आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका सहकाऱ्यामुळे. सारी शेड त्यांना मामा म्हणे. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती, वाढही इतकी मंद की दिवाळीच्या दिवाळीला तेवढी ध्यानात यावी. कोणी गालगुंड म्हणाले, कोणी हळदीचा लेप सांगितला. शेवटी एका खाजगी दवाखान्यात जागा बधिर करून गाठ काढली. वीस मिनिटांत काम झाले. सालीतून द्राक्ष निसटावे तशी गाठ बाहेर आली. चार दिवसांनी मामा मागावर उभे राहिले आणि आम्ही सर्वांनी त्या डॉक्टरांची तारीफ केली. काढलेली गाठ बादलीत गेली. कागद काही मिळाला नाही, आणि तो मागावा हे आम्हांपैकी कोणालाही सुचले नाही.

सात वर्षांनी जुन्या व्रणाखाली एक नव्हे, पाच-सहा बारीक गाठी हाताला लागल्या, तुरीच्या दाण्यांसारख्या. या वेळी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेलो. तेथल्या तरुण डॉक्टरांनी मान तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?”

मामा म्हणाले, “कसला रिपोर्ट? गाठ तर गेली ना तेव्हाच!”

डॉक्टर काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव आम्ही विसरलो नाही. त्या एका प्रश्नाने आम्हांस वाचायला लावले, आणि वाचता वाचता जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम या ग्रंथींची ओळख करून घेऊ. आपल्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती पुरविणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढची ती अनुकर्ण ग्रंथी, जबड्याखालची ती अधोहनु ग्रंथी आणि जिभेखालची ती अधोजिव्हा ग्रंथी. याखेरीज ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत. अधोहनु ग्रंथीची नळी लंडनच्या टॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली वर्णिली. अनुकर्ण ग्रंथीची नळी १६६० साली ॲमस्टरडॅम येथे निल्स स्टेन्सन या बावीस वर्षांच्या डेन्मार्कच्या विद्यार्थ्यास मेंढीच्या डोक्यात सापडली. ज्यांच्या घरी तो शिकण्यास राहिला होता, त्या गुरुजींनी शोध आपलाच म्हणून सांगितले आणि मोठा वाद माजला. शेवटी नळीला नाव विद्यार्थ्याचेच राहिले. एरवी कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असा अनुभव असणाऱ्या आम्हांस हे वाचून बरे वाटले.

या ग्रंथींत होणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य, शेकडा सत्तर ते ऐंशी, अनुकर्ण ग्रंथीत होतात. आणि त्यांतल्याही चारांपैकी तीन साध्या असतात, म्हणजे शरीरात इतरत्र पसरत नाहीत. ग्रंथी जसजशी लहान, तसतसे गाठ मारक असण्याचे प्रमाण वाढते. जबड्याखालच्या ग्रंथीत ते निम्म्याच्या आसपास जाते, जिभेखाली त्याहूनही पुढे. एकंदरीत हा रोग विरळाच. २०२० साली साऱ्या जगात लालाग्रंथींच्या कर्करोगाचे सुमारे ५३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. तोंडाच्या कर्करोगापुढे हा आकडा लहान आहे. परंतु विरळ असूनही या गाठींच्या जाती इतक्या, आणि एकीचे सोंग दुसरीने इतके हुबेहूब घ्यावे, की सूक्ष्मदर्शकापुढे आयुष्य घालविलेली माणसेही येथे हात जपून टाकतात. त्यात अनुकर्ण ग्रंथीच्या मधून चेहऱ्याचा मज्जातंतू जातो. ग्रंथीतच त्याच्या पाच मुख्य शाखा फुटतात. डोळा मिटणे, कपाळाला आठी घालणे, हसणे, ओठांचा चंबू करून शीळ घालणे ही सारी कामे त्यांची. चुकीच्या नावाची किंमत येथे चेहऱ्याने मोजावी लागते.

नावे देण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५८ साली रोगाचे मूळ पेशीत आहे हा सिद्धान्त मांडला. सूक्ष्मदर्शक सुधारत होता, ऊतकांचे पातळ काप रंगविण्याची कला वाढत होती. या गाठींचे काप पाहणारे मात्र गोंधळून गेले. एकाच गाठीत ग्रंथीच्या पेशी, त्यांच्या शेजारी चिकट बुळबुळीत द्रव्य आणि मध्येच कूर्चेसारखा भाग! गालात कूर्चा कोठून आली? उत्तर सापडेना, तेव्हा त्यांनी ‘मिश्र अर्बुद’ असे नाव दिले. हे नाव म्हणजे प्रामाणिकपणे कबूल केलेले अज्ञान होते. पण पुढे तेच अज्ञान सोयीचे झाले. ज्या गाठीचा उलगडा होत नाही ती मिश्र, अशी मोठी पोतडीच तयार झाली आणि तीत साध्या गाठींबरोबर काही मारक गाठीही जाऊन पडल्या.

त्याच सुमारास, १८५० च्या दशकात, शस्त्रवैद्य टेओडोर बिलरोट यांनी आणखी एका गाठीस ‘सिलिंड्रोमा’ म्हटले. म्हणजे दंडगोलांची गाठ. हिचे काप चाळणीसारखे दिसतात. बारीक काळसर पेशींच्या पुंजक्यांत गोल गोल भोके. पेशी अगदी शिस्तीत बसलेल्या, दंगा नाही, गर्दी नाही. ‘सिलिंड्रोमा’ या शब्दात मृत्यूची सूचना कोठेच नव्हती, म्हणून पुष्कळ काळ तिला सौम्य समजले गेले. प्रत्यक्षात ती मज्जातंतूंच्या कडेने मुळासारखी सरकत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी फुप्फुसात उगवते. विसाव्या शतकात तिच्या नावात ‘कार्सिनोमा’ हा शब्द आला आणि ‘ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ असे नाव रूढ झाले. मधल्या काळात किती रुग्णांना “काळजीचे कारण नाही” असे सांगून घरी पाठविले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता खरा पालट कोठे झाला ते पाहू. न्यूयॉर्क शहरी मेमोरियल रुग्णालय हे कर्करोगाचे जुने केंद्र आहे. तेथील शस्त्रवैद्य हेस मार्टिन आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ एडवर्ड एलिस या दोघांनी १९३० साली एक निबंध प्रसिद्ध केला. जाड सुईने गाठीतील थोडा अंश पिचकारीत ओढावा, काचेवर पसरावा, रंगवावा आणि पाहावा, अशी ती पद्धत. कापाकापी न करता निदान. डॉक्टराच्या जोडीने तंत्रज्ञाचे नाव निबंधावर छापले गेले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. काच रंगविणारा हात कोणाचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिचे महत्त्व सांगायला नको. तथापि अमेरिकेत या पद्धतीला फारसे पाठीराखे मिळाले नाहीत. सुईच्या वाटेने रोग पसरेल अशी भीती अनेकांना वाटे.

त्याच रुग्णालयात १९४५ साली फ्रेड स्टुअर्ट, फ्रँक फूट आणि बेकर यांनी ‘म्यूकोएपिडर्मॉइड’ नावाची एक जात त्या जुन्या पोतडीतून वेगळी काढली. हिच्यात बुळबुळीत श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी आणि त्वचेसारख्या पेशी एकत्र नांदतात. आरंभी त्यांनी तिचे साधी आणि मारक असे दोन वर्ग केले. पुढे १९५३ साली फूट आणि फ्रेझेल यांनी मोठ्या लालाग्रंथींच्या ८७७ गाठींचा आढावा प्रसिद्ध केला. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा तोच आहे. त्यांनी नुसते काप पाहिले नाहीत. गाठ काढल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, ती परत आली काय, मानेत उतरली काय, माणूस जगला काय, याचा माग ठेवला. आणि मग दिसले, की ज्यांना ‘साधी म्यूकोएपिडर्मॉइड’ म्हटले होते त्यांतल्याही काही पसरल्या होत्या. तेव्हा आपल्याच रुग्णालयाने आठ वर्षांपूर्वी केलेला ‘साधी’ हा वर्ग त्यांनी सोडून दिला. सौम्य पेशींची ‘ॲसिनिक सेल’ म्हणून जी गाठ आहे, तिच्याही अंगी मारकपणा आहे हे याच आढाव्याने दाखविले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे ८७७ आकडे म्हणजे तपासणीला वर्षानुवर्षे परत येणारी माणसे होती. त्यांत गाडी चालविणारे असतील, शिवणकाम करणाऱ्या बाया असतील. बरे वाटत असतानाही त्यांनी रजा काढली, रांगेत बसले, मान दाखविली आणि परत गेले. निबंधावर त्यांची नावे नाहीत. परंतु कोणती गाठ कशी वागते हे विज्ञानाला त्यांच्या हजेरीवरून कळले.

मिश्र अर्बुदाचे कोडेही याच सुमारास उलगडले. रूपर्ट विलिस यांनी १९४८ साली आपल्या ग्रंथात ‘प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा’ असे नाव पुढे केले. मराठीत सांगायचे तर ‘बहुरूपी ग्रंथ्यर्बुद’. आपल्या गावांत आज पोलीस, उद्या साधू अशी सोंगे घेऊन हिंडणारा बहुरूपी असतो ना? माणूस एकच, सोंगे अनेक. तसेच येथे आहे. पेशी ग्रंथीचीच, तीच स्वतःभोवती ते बुळबुळीत आणि कूर्चेसारखे द्रव्य निर्माण करते. दोन निरनिराळ्या वस्तूंची भेसळ नाही. नाव बदलले आणि समजूत बदलली.

पण शस्त्रवैद्यांचा हात अजून जुन्या समजुतीवर चालत होता. गाठ साधी, भोवती कवच, तेव्हा कवच चिरून आतला गर काढला की झाले! अशा शस्त्रक्रियेनंतर चार-पाच रुग्णांमागे एकाला तरी, आणि काही ठिकाणी याहून अधिकांना, गाठ पुन्हा येई. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील शस्त्रवैद्य डेव्हिड पेटी आणि विकृतिवैज्ञानिक थॅकरे यांनी काढलेल्या संपूर्ण ग्रंथींचा बारकाईने अभ्यास करून १९५८ साली त्याचे कारण दाखविले. ते कवच पुरते नसते. जागोजाग ते कागदासारखे पातळ होते आणि त्यातून गाठीचे कोंब बाहेर डोकावतात. गर काढला की कोंब मागे राहतात. गाठ फुटली की पेशी जखमेत सांडतात, आणि शेतात सांडलेल्या बियाण्याप्रमाणे वर्षांनी एकाऐवजी दहा ठिकाणी उगवतात. यावर उपाय एकच. प्रथम चेहऱ्याचा मज्जातंतू शोधून काढावा, त्याच्या शाखा एकेक मोकळ्या कराव्यात आणि गाठ भोवतालच्या ग्रंथीसकट अखंड काढावी. हे काम वीस मिनिटांचे नाही. त्याला काही तास लागतात. पण या पद्धतीने गाठ परत येण्याचे प्रमाण शेकडा चारांच्या आत आले.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वाचनालयात मामांच्या तुरीच्या दाण्यांची आठवण झाली. १९५८ साली लंडनमध्ये छापलेली गोष्ट आमच्या गावच्या दवाखान्यापर्यंत चाळीसहून अधिक वर्षांत पोहोचली नव्हती. इतिहास पुस्तकात पुढे जातो आणि गावात मागे राहतो, याचे हे आमच्या डोळ्यांदेखतचे उदाहरण.

असो. सुईची गोष्ट अर्धवट राहिली होती, ती आता पुरी करू. अमेरिकेने बाजूस ठेवलेली ती पद्धत स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील मंडळींनी उचलली. त्यांनी सुई बारीक केली, इंजेक्शनच्या सुईसारखी. भूल नको, टाका नको, आणि मार्गात रोग सांडण्याची भीतीही जवळजवळ उरली नाही. एनेरोट, फ्रान्सेन आणि झायिचेक यांनी १९६७ साली लालाग्रंथींच्या एक हजार गाठींतून ओढलेल्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुरूपी गाठीतून आलेला थेंब रंगविला की काचेवर गर्द जांभळट-गुलाबी तंतू दिसतात, पिंजलेला कापूस विस्कटून टाकावा तसे, आणि त्यांत पेशी गुंतलेल्या. चाळणीवाल्या मारक गाठीत तेच द्रव्य गोळ्यांच्या आकारात असते, कडा रेखीव, भोवती काळ्या पेशींचे कडे. पिंजलेला कापूस की गोळ्या, एवढ्यावर एका माणसाचे भवितव्य! आणि कधीकधी दोन्ही एकाच काचेवर दिसतात, तेव्हा शहाणा माणूस निश्चित बोलत नाही.

इतकी नावे झाल्यावर नवी अडचण उभी राहिली. न्यूयॉर्कचा डॉक्टर एक नाव घेई, लंडनचा दुसरे, टोकियोचा तिसरे. तिघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत ना. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ साली लालाग्रंथींच्या गाठींचे पहिले सर्वमान्य वर्गीकरण काढले. ते करणाऱ्या दोघांतले एक तेच लंडनचे थॅकरे, दुसरे सोबिन. या यादीत म्यूकोएपिडर्मॉइड आणि ॲसिनिक सेल या दोहोंपुढे नुसते ‘ट्यूमर’ असे लिहिले होते. ‘कार्सिनोमा’ म्हणायला जीभ रेटली नाही. १९९१ साली झायफर्ट आणि सोबिन यांनी दुसरी आवृत्ती केली, तीत तो संकोच गेला आणि दोन्ही ठिकाणी ‘कार्सिनोमा’ हा शब्द आला. पुढे २००५, २०१७ आणि २०२२ साली नव्या आवृत्त्या निघाल्या. मारक जातींची संख्या वीसवर गेली. यादी वाढली म्हणून रोग वाढला असे नव्हे. पोतडी रिकामी होत होती.

नावे वेगळी झाल्याने आणखी एक गोष्ट साधली. कारणे दिसू लागली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. जे वाचले त्यांची दशकानुदशके तपासणी झाली. लालाग्रंथींच्या गाठी त्यांच्यात अधिक आढळल्या. पण १९९० च्या दशकात जुने काप पुन्हा पाहून जातवार वाटणी केली, तेव्हा चित्र रेखीव झाले. मारक गाठींत म्यूकोएपिडर्मॉइड आणि साध्या गाठींत वॉर्थिन अर्बुद, या दोन जातींचा संबंध किरणांच्या मात्रेशी विशेषेकरून जुळला. सगळ्या गाठी एकाच नावाखाली ढीग घालून ठेवल्या असत्या, तर बाँबच्या हातची ही खूण ढिगातच राहिली असती. वॉर्थिन अर्बुदाचा संबंध धूम्रपानाशीही आहे, हेही असेच वेगळे मोजल्याने कळले. इस्राएलमध्ये बाहेरून आलेल्या गरीब निर्वासितांच्या हजारो मुलांच्या डोक्यावर खवड्यांसाठी किरणोपचार केले होते. त्या मुलांतही पुढे लालाग्रंथींच्या गाठी अधिक आढळल्या. अमेरिकेत टॉमस मॅनकुसो यांनी १९७० साली रबर कारखान्यांच्या कामगारांत लालाग्रंथींचा कर्करोग अधिक दिसल्याचे लिहिले. तो पुरावा थोड्या रुग्णांवरचा आहे आणि त्यावर अजून शिक्कामोर्तब झालेले नाही. तेव्हा आम्ही त्याचा झेंडा करणार नाही. पण प्रश्न विचारला गेला, आणि कामगाराच्या आजारपणाच्या नोंदी होत्या म्हणूनच विचारता आला.

आपल्या महाराष्ट्रातही या नोंदीचे मोल ओळखणारी माणसे झाली. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडले. म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. रुग्णाला नुसता तपासून न थांबता तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो हे विचारण्याची त्यांची पद्धत होती. धोतराच्या गाठीने कमरेला सतत घासून होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनीच केले. पुढे १९६३ साली भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत आपल्या देशातली पहिली लोकसंख्यानिहाय कर्करोग नोंदणी सुरू केली. परळच्या चाळीतला कामगार कोणत्या गाठीने आजारी पडला हे त्या वहीत लिहिले जाऊ लागले. वही हे शस्त्र आहे हे आम्हां चळवळीतल्या लोकांना पटवून द्यावे लागत नाही.

आता शेवटचे प्रकरण, गुणसूत्रांचे. हे आम्हांस समजायला फार दिवस लागले, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. पेशीच्या केंद्रात आनुवंशिक माहितीच्या वह्या असतात अशी कल्पना करा. कधी हजेरीपत्रकाचे एक पान फाटते आणि पगारपत्रकात शिवले जाते. मग पगार चुकीचा निघतो, आणि दर महिन्याला चुकतच राहतो. लालाग्रंथींच्या पुष्कळ गाठींत अशी चुकीची शिवण सापडली आहे, आणि प्रत्येक जातीची शिवण बहुधा वेगळी. बहुरूपी गाठीतील ‘प्लॅग१’ हा जनुक १९९७ साली कळला. म्यूकोएपिडर्मॉइड गाठीतील ‘एमएएमएल२’ची शिवण २००३ साली, चाळणीवाल्या गाठीतील ‘एमवायबी’ आणि ‘एनएफआयबी’ यांची २००९ साली. सूक्ष्मदर्शकाखाली सोंग कितीही बदलले तरी शिवण बदलत नाही.

२०१० साली झेक देशातील डॉ. अलेना स्कालोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या गाठींतून सोळा गाठी वेगळ्या काढल्या. दिसायला त्या स्तनाच्या एका विरळ कर्करोगासारख्या होत्या, आणि शिवणही तीच निघाली, ‘ईटीव्ही६’ आणि ‘एनटीआरके३’ यांची. अशा गाठींवर तोवर पुष्कळदा ॲसिनिक सेल कार्सिनोमाची चिठ्ठी लागत असे. आज या जातीला ‘सिक्रेटरी कार्सिनोमा’ म्हणतात. नाव मिळाल्याने काय झाले? याच शिवणीवर चालणारे ‘लॅरोट्रेक्टिनिब’ हे औषध निघाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगाचे ५५ रुग्ण होते, त्यांतले १२ लालाग्रंथींचे. चारांपैकी तिघांच्या गाठी आटल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याची किंमत आमच्या कोणाही सभासदाच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि ही लढाई वेगळी लढावी लागेल. परंतु नाव नसते तर मागायचे काय, हेच कळले नसते.

आणि श्रोतेहो, त्या सोळा गाठी स्कालोव्हाबाईंना कोठे मिळाल्या? मेणाच्या वड्यांत. काढलेला तुकडा मेणात बसवून, क्रमांक घालून, कपाटात ठेवण्याची रीत असते. चुकीच्या नावाने का होईना, पण कोणीतरी ते तुकडे जपून ठेवले होते. बादलीत टाकले नव्हते.

निदान कळविण्याच्या भाषेतही शिस्त आली. सुईच्या तपासणीचा निकाल प्रत्येक जण आपापल्या शब्दांत लिही. वाचणाऱ्या शस्त्रवैद्यास अर्थ लावत बसावे लागे. २०१८ साली ‘मिलान पद्धत’ म्हणून सहा वर्गांची रीत प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक वर्गापुढे गाठ मारक निघण्याचा संभव किती हे दिलेले असते. साध्या अर्बुदाच्या वर्गात शेकडा पाचांच्या आत, मारक वर्गात नव्वदांच्या घरात. मध्ये एक वर्ग असा आहे की ‘अर्बुद आहे, पण साधे की मारक ते निश्चित सांगता येत नाही’. तेथे संभव सुमारे शेकडा पस्तीस. हा वर्ग आम्हांस फार आवडला. जे ठाऊक नाही ते आकड्यानिशी कबूल करणे ही एकोणिसाव्या शतकातल्या त्या ‘मिश्र’ शब्दापासून झालेली खरी प्रगती होय. तेव्हाही अज्ञान कबूल केले होते. पण आज त्याचे माप घेऊन केले जाते.

मामांची हकीकत पुरी करून आम्ही रजा घेतो. दुसरी शस्त्रक्रिया सहा तास चालली. मज्जातंतू जुन्या व्रणात चिकटून बसला होता. शस्त्रवैद्यांनी शिकस्त केली, तरी दोन शाखा वाचल्या नाहीत. गाठी साध्याच निघाल्या, बहुरूपी. ते मात्र या वेळी कागदावर लिहून मिळाले. मामा वाचले. पण त्यांचा डावा डोळा मिटत नाही. रात्री झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावावी लागते. शेडमध्ये बारीक कापूस उडत असतो. उघड्या डोळ्यात तो जातो, म्हणून माग सुटला. आता ते युनियनच्या कचेरीत बसतात. हसतात तेव्हा अर्धाच चेहरा हसतो, आणि नवीन पोरे जरा बिचकतात.

कचेरीत आमची एक जाड वही आहे. सभासदाचे नाव, शेड, वर्गणी, अपघात, असे रकाने तीत पहिल्यापासून होते. मामांनी त्यात स्वतःच्या हाताने एक रकाना वाढविला आहे. कोणा सभासदाची किंवा त्याच्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया झाली, शरीरातून काही काढले, की मामा त्याला समोर बसवितात आणि विचारतात, “तुकडा तपासायला दिला काय? कागद आणलास काय?” नसेल आणला तर त्याला चहासुद्धा न देता परत धाडतात. मागल्या वर्षी त्यांनी असा एक जण धाडला. तो कुरकुरत गेला, आणि तीन दिवसांनी कागद घेऊन आला. मामांनी तो एका डोळ्याने नीट वाचला, वहीत उतरून घेतला आणि मगच चहा मागविला.